जुन्या कास्ट-आयर्न बुलेटसाठी परफॉर्मन्स कॅम कसा निवडायचा

गॅरेजमध्ये कॅमबद्दल विचारलं जाणारं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कुठल्या कॅमने जास्त पॉवर मिळेल?" प्रश्नच चुकीचा. कॅम म्हणजे फिरताना आपल्या उंचवट्याने (लोबने) इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग. त्याचं मुख्य काम म्हणजे इंजिनाचा जोर कुठल्या आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) एकवटेल हे ठरवणं. वरच्या आरपीएमला जोर वाढवणारा कॅम बहुतेक वेळा खालच्या आरपीएमचा जोर खातो. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की आपलं इंजिन किती आरपीएमपर्यंत सुखाने जातं आणि आपण रोज ते कुठे फिरवतो? उत्तर हातात आलं की कॅटलॉगमधले अर्धेअधिक कॅम आपोआप बाद होतात.

हे सगळं २००० च्या दशकाअखेरपर्यंत बनत राहिलेल्या कास्ट-आयर्न (ओतीव लोखंडी सिलेंडरच्या) रॉयल एनफील्ड बुलेटच्या हिशेबाने लिहिलं आहे. ३५० चं बोअर (सिलेंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ९० मिमी. ५०० चं बोअर ८४ मिमी, स्ट्रोक तोच. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे, दोन्ही टायमिंग गिअरवर चालणारे, वर लोबवर बसणारा टॅपेट, त्यावरची उभी दांडी म्हणजे पुशरॉड आणि व्हॉल्व्ह दाबणारी तरफ म्हणजे रॉकर. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले, त्यामुळे इथलं क्लिअरन्सचं (व्हॉल्व्ह यंत्रणेतल्या फटीचं) गणित त्यांना जसंच्या तसं लावू नका.

आधी क्रँक, मग कॅम

स्टँडर्ड ३५० आपली १८ बीएचपी ५६२५ आरपीएमवर देते. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०. ०.०९ मीटर स्ट्रोकवर ५६२५ ला हा वेग सेकंदाला सुमारे १६.९ मीटर येतो. ६५०० ला तो १९.५ होतो. आकडा फार मोठा वाटत नाही, पण पिस्टन वर-खाली थांबवण्या-ढकलण्याचा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ५५०० वरून ६५०० वर गेलात तर कनेक्टिंग रॉड आणि बिग एंडवरचा (रॉडच्या क्रँककडच्या टोकावरचा) हा भार जवळजवळ ४० टक्क्यांनी चढतो.

त्यात या इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे फेरे करणारा दांडा) तुकडे जोडून बनवलेला, आणि जुन्या गाड्यांत बिग एंडला रोलरऐवजी फ्लोटिंग बुश (मोकळा फिरणारा कडीसारखा बेअरिंग). तेलाचा दाब कमी, बुश झिजलेला, फ्लायव्हील थोडं बाहेर चालतंय, अशी गाडी सहा हजारांपुढे नेली तर कॅम चांगला होता की वाईट हे तपासायला इंजिन शिल्लक राहत नाही. क्रँक उघडून नीट केलेला नसेल तर ५५०० ही मर्यादा माना. नवा बिग एंड, ट्रू केलेला (एका रेषेत आणलेला) क्रँक आणि सुधारलेला ऑइल पंप असेल तर ६००० म्हणा. "पॉवर ६५०० ते ७००० मध्ये" असं लिहिलेला कॅम या इंजिनाच्या कामाचा नाही, कितीही स्वस्त मिळत असला तरी.

आता खालची बाजू. चार गिअरच्या बॉक्सची गुणोत्तरं २.७८, १.८४, १.३६ आणि १ अशी आहेत. ५००० वर पहिल्याचा दुसरा टाकला की आरपीएम ३३०० च्या आसपास पडतं. दुसऱ्याचा तिसरा किंवा तिसऱ्याचा चौथा टाकला तर ३७०० च्या. म्हणजे नव्या कॅमचा जोर ३३०० च्या आधी सुरू व्हायलाच हवा, नाहीतर प्रत्येक गिअरनंतर इंजिन घुटमळत राहणार. पाच-सहा गिअरच्या गाडीला जो कॅम मजा देतो तो चार गिअरच्या बुलेटला रडवतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

रोजचा आरपीएमही मोजून घ्या. मागच्या चाकावर खडूची खूण करून एक फेरा जमिनीवर मोजा. साधारण दोन मीटर भरेल. ताशी ८० किमी म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ६६७ फेरे. टॉप गिअरमध्ये क्रँकपासून चाकापर्यंतचं एकूण गुणोत्तर ५.५ असेल तर इंजिन सुमारे ३६७० वर फिरतंय. तुमच्या स्प्रॉकेटचे दात मोजून खरं गुणोत्तर काढा. खंबाटकी किंवा कसारा घाट डबल सीट चढणारी गाडी बराच वेळ २५०० ते ४००० मध्येच असते. अशा गाडीला सौम्य कॅमच शोभतो, आणि घाटात मागून येणाऱ्या एसटीला वाट द्यायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

कॅमच्या कार्डावरचे आकडे

समजा कॅमसोबत येणाऱ्या कार्डावर असं लिहिलंय (टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, बीडीसी म्हणजे सगळ्यात खाली): इनलेट टीडीसीच्या ३० अंश आधी उघडतो, बीडीसीच्या ६० अंश नंतर बंद होतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ७५ अंश आधी उघडतो, टीडीसीच्या ३५ अंश नंतर बंद होतो. या चार आकड्यांतून बाकी सगळं काढता येतं. इनलेटची ड्युरेशन (क्रँकच्या किती अंशांत व्हॉल्व्ह उघडा असतो) ३० अधिक १८० अधिक ६०, म्हणजे २७० अंश. एक्झॉस्टची २९०. टीडीसीच्या आसपास दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात ते ३० अधिक ३५, म्हणजे ६५ अंश, हा ओव्हरलॅप. इनलेट पूर्ण उघडण्याचा मध्यबिंदू ड्युरेशनचा निम्मा वजा ३०, म्हणजे टीडीसीनंतर १०५ अंश. एक्झॉस्टचा तसाच टीडीसीआधी ११०. दोन्हींची सरासरी १०७.५, हा लोब सेपरेशन अँगल.

दुकानदार ज्या आकड्याने भुलवतो तो ड्युरेशनचा, आणि त्यातली मेख अशी: व्हॉल्व्ह "उघडला" असं नेमकं कधी धरायचं? कोणी टॅपेट ०.१ मिमी उचलल्यावर धरतो, कोणी १ मिमीवर, तर अमेरिकन कंपन्या बहुधा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमीवर. एकच कॅम पहिल्या पद्धतीने २९० अंशांचा आणि शेवटच्या पद्धतीने २४० चा दिसू शकतो. मोजण्याची पद्धत सारखी नसेल तर दोन कॅमची तुलनाच होत नाही. पद्धत न लिहिता नुसतं "३०० डिग्री" छापलेला कॅम विकत घेऊ नये. १.२७ मिमीवर मोजलेली ड्युरेशन २२० ते २३५ असेल तर तो ढोबळमानाने रस्त्यावरचा कॅम, २३५ ते २५० म्हणजे बाकी इंजिनही तयार केलेलं असेल तर, आणि २५० च्या पुढे ट्रॅक.

ओव्हरलॅप वाढला की वरच्या आरपीएमला एक्झॉस्टच्या ओढीमुळे ताजा मिश्रणवायू जास्त आत येतो. पण आयडलला तीच दोन उघडी दारं त्रास देतात: जळलेला वायू इनलेटमध्ये परततो, व्हॅक्यूम पडतो, गाडी डगडग करत बंद पडते. लोब सेपरेशन मोठा असेल तर ओव्हरलॅप कमी, आयडल शांत आणि टॉर्क पसरट. बुलेटचं वेगळेपण असं, की दोन कॅम स्वतंत्र असल्यामुळे हा कोन बसवताना थोडा बदलता येतो. हार्लेच्या इव्हो बिग ट्विनमध्ये चारही लोब एकाच कॅमवर असतात. तिथे तो कारखान्यातच ठरून येतो.

या सगळ्यांत पहिल्यांदा कुठला आकडा वाचायचा? इनलेट बंद होण्याचा. खालच्या आरपीएमचा जोर सगळ्यात जास्त त्यावर ठरतो.

इनलेट उशिरा बंद झाला की कॉम्प्रेशनचं काय होतं

पिस्टन बीडीसीवरून वर निघाला तरी इनलेट उघडाच असेल तर तोवर काहीच दाबलं जात नाही. जोरात फिरणाऱ्या इंजिनात आत धावत येणाऱ्या हवेचा वेग तिला या काळातही भरत राहतो, म्हणून उशिरा बंद होणं फायद्याचं. हळू फिरणाऱ्या इंजिनात मात्र भरलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे ढकललं जातं.

आकड्यांत बघू. कनेक्टिंग रॉड ढोबळपणे स्ट्रोकच्या दुप्पट धरला तर बीडीसीनंतर ६० अंशांवर पिस्टनचा ९० पैकी सुमारे ७२ मिमी प्रवास बाकी असतो. ७५ अंशांवर फक्त ६२ मिमी. कागदावरचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) ७.२५ असेल, तर प्रत्यक्ष दाबलं जाणारं पहिल्या कॅमला ६ च्या आसपास आणि दुसऱ्याला ५.३ येतं. नुसते १५ अंश उशीर झाला, पण घाटात ही गाडी बाजूच्या स्टँडर्ड गाडीच्या मागे पडेल, आणि मालक आठवडाभर कार्ब्युरेटरलाच दोष देत बसेल.

गेलेलं कॉम्प्रेशन परत आणायचं तर कागदावरचा आकडा ७.२५ वरून ८.२५ च्या जवळ न्यावा लागतो. ३५० मध्ये पिस्टन टीडीसीला असताना वरची मोकळी जागा सुमारे ५५ सीसी आहे, ती ४८ वर आणावी लागेल. हेड घासून करायचं म्हटलं तर जवळपास २ मिमी घासावं लागेल, आणि तेवढ्याने रॉकरचा कोनही बिघडतो, व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ येतात. त्यापेक्षा उंच माथ्याचा पिस्टन घेणं शहाणपणाचं. पिस्टन बदलायचाच नसेल तर नियम सरळ आहे: स्टँडर्डपेक्षा इनलेट ५ अंशांहून जास्त उशिरा बंद करणारा कॅम घेऊ नका; लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) थोडी जास्त आणि व्हॉल्व्ह चटकन उघडणारा मिळतो का बघा. स्टँडर्ड मिककार्ब व्हीएम२४ आणि मूळ सायलेन्सर असलेल्या ३५० ला यापलीकडे काही पचत नाही.

लिफ्ट: किती, आणि कशाला अडते

व्हॉल्व्ह उचलला की हवेला त्याच्या कडेभोवतीची वाट मिळते. ही वाट व्हॉल्व्हच्या तोंडाइतकी होते ती व्यासाच्या पावपट लिफ्टवर. ३८ मिमी व्हॉल्व्हसाठी साडेनऊ मिमी. त्यापुढे जास्त उचलून मिळणारा फायदा पोर्ट किती मोकळं आहे त्यावर. पोर्टचं काम न केलेल्या हेडमध्ये स्टँडर्डपेक्षा १ ते १.५ मिमी जास्त लिफ्ट पुरे. टॅपेटची लिफ्ट आणि व्हॉल्व्हची लिफ्ट यांत गल्लत करू नका. मधे रॉकरचं गुणोत्तर असतं. डायल गेज लावून दोन्ही टोकांना मोजा म्हणजे तुमच्या रॉकरचं खरं गुणोत्तर कळेल.

जास्त लिफ्ट चार ठिकाणी आदळू शकते.

स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकणं हे पहिलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना वेढ्यांमध्ये मिळून निदान १ मिमी जागा राहिली पाहिजे. स्प्रिंग व्हाइसमध्ये पूर्ण दाबून तिची उंची मोजा, बसवलेल्या उंचीतून लिफ्ट वजा करा आणि दोन्ही ताडून बघा. टेकलेली स्प्रिंग पुशरॉड वाकवते किंवा लोब सोलते.

दुसरं, स्प्रिंगची वरची टोपी व्हॉल्व्ह गाइडच्या माथ्यावर बसणं, इथे १.५ मिमी ठेवा. गाइड वरून थोडं कापणं लेथवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरं पिस्टनचं. इनलेट आणि पिस्टन सगळ्यात जवळ येतात ते टीडीसीनंतर १० अंशांच्या आसपास, एक्झॉस्ट आणि पिस्टन टीडीसीआधी तेवढेच. पिस्टनवर मुलांच्या प्लॅस्टिसिनचा थर द्या, व्हॉल्व्हला तेलाचं बोट फिरवा, हेड जुन्या गॅस्केटसह कसून बसवा, क्लिअरन्स लावा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. हेड काढून माती ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा: इनलेटला १.५ मिमी, एक्झॉस्टला २ मिमी, आणि व्हॉल्व्हच्या कडेला बाजूने १ मिमी. एक्झॉस्टला जास्त का, तर तो गरम होऊन लांबतो, आणि स्प्रिंग थकली की पिस्टन त्याचाच पाठलाग करतो.

चौथं बरेचदा विसरलं जातं: दोन व्हॉल्व्ह एकमेकांना लागणं. गोलाकार हेडमध्ये ते एकमेकांकडे झुकलेले असतात. ओव्हरलॅप वाढला आणि जोडीला मोठे व्हॉल्व्ह घातले तर टीडीसीपाशी त्यांच्या कडा भिडू शकतात. १.५ मिमी इथेही हवं.

आणि स्प्रिंगबद्दल एक: "रेसिंग" म्हणून मिळेल ती सगळ्यात कडक स्प्रिंग घालू नका. ५५००–६००० च्या इंजिनाला तिची गरज नाही. लोब आणि टॅपेट मात्र ती झपाट्याने खाते. कॅम बनवणारा जी सांगतो ती घ्या.

नवा कॅम की घासून बनवलेला

बाजारात दोन प्रकार मिळतात: पूर्ण नवा घडवलेला आणि जुनाच कॅम ग्राइंडिंग करून दिलेला. ग्राइंडिंगमध्ये लोबचं टोक तसंच ठेवून मूळ वर्तुळ लहान करतात, म्हणजे लिफ्ट वाढते. यात दोन धोके. कडक केलेला पृष्ठभाग पातळ असतो. जास्त घासलं की खालचा मऊ पोलादाचा गाभा उघडा पडतो आणि लोब काही हजार किलोमीटरमध्ये चपटा होतो. आणि वर्तुळ लहान झाल्याने टॅपेट खाली बसतो, पुशरॉडचा अॅडजस्टर जास्त बाहेर काढावा लागतो; आट्यांची पकड कमी राहिली तर तो धोक्याचाच. काम करून देणाऱ्याला विचारा: घासल्यावर पुन्हा हार्डनिंग केलं का, आणि कडकपणा रॉकवेल सी वर किती? ५५ ते ६० असं उत्तर आलं पाहिजे. "काळजी करू नका साहेब" हे उत्तर नाही.

टॅपेट जुना वापरू नका. जुन्या कॅमवर त्याचा तळ खोलगट झालेला असतो. नव्या लोबचा सगळा भार मग एका कडेवर येतो. पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघितलं की खोलगटपणा लगेच दिसतो. झपाट्याने उचलणाऱ्या लोबला टॅपेटचा तळ रुंद लागतो, नाहीतर लोबचं नाक तळाच्या बाहेर जाऊन कड खरवडतं. म्हणून कॅम आणि टॅपेट एकाच ठिकाणचे, जोडीने घ्या.

बसवणं आणि डिग्री व्हील

गिअरवरच्या खुणा जुळवल्या म्हणजे टायमिंग लागलं, हे स्टँडर्ड कॅमपुरतं ठीक. बाहेरच्या कॅमवर गिअर दाबून बसवताना अंश-दोन अंशांचा फरक राहू शकतो, कधी चारही. तपासायला डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची तबकडी), ०.०१ मिमीचा डायल गेज, जाड तारेचा काटा आणि प्लगच्या भोकात बसणारा पिस्टन स्टॉप लागतो. जुना प्लग पोकळ करून त्यातून बोल्ट आरपार बसवला की तो घरी बनवता येतो.

आधी खरा टीडीसी. स्टॉप बसवा, क्रँक हळू एका दिशेने फिरवून टेकवा, आकडा लिहा. मग उलट फिरवून टेकवा. एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ४४ आला तर व्हील ३ अंश चुकलंय. दोन्हीकडे ४१ येईपर्यंत व्हील सरकवा आणि स्टॉप काढा. आता गेज इनलेट टॅपेटवर लावा. पूर्ण लिफ्टच्या १ मिमी अलीकडे आणि १ मिमी पलीकडे व्हीलचे आकडे घ्या. टीडीसीनंतर ७८ आणि १३६ आले तर मध्य १०७. कार्डावर १०५ असेल तर कॅम २ अंश मागे आहे. माप घेताना क्रँक नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेने आणा, नाहीतर गिअरमधली ढील मापात शिरते.

दोन अंश सोडून द्या. पाच-सहा असतील तर दुरुस्त करा, पण एक दात सरकवून ते होणार नाही: कॅम गिअरला ५० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १४.४ अंश. ऑफसेट चावी (गिअर शाफ्टवर थोडा सरकवून धरणारी पट्टी) किंवा गिअर काढून पुन्हा दाबणं हाच मार्ग. जुन्या ट्रायम्फ ६५० च्या कॅम गिअरला तीन चावीखाचा याचसाठी दिलेल्या असत. निवड करायचीच झाली तर इनलेट थोडा पुढे ठेवा. खालचा जोर सुधारतो. क्रँकवरचा पिनियन (छोटा गिअर) काढायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, त्याच्यापुढचा ऑइल पंपाचा वर्म (पंप फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) उलट्या आट्यांचा असतो. सवयीने डावीकडे फिरवून तो तोडलेली क्रँकची टोकं कमी नाहीत.

गिअरची ढील हाताने चार-पाच ठिकाणी बघा. अजिबात ढील नसेल तर गाडी शिट्टीसारखा आवाज करेल, फार असेल तर खडखडेल.

टॅपेटचं क्लिअरन्स स्टँडर्ड बुलेटला थंड इंजिनावर शून्य: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. नव्या कॅमला हाच नियम लावू नका. कार्डावर ०.०५ किंवा ०.१ मिमी लिहिलं असेल तर तेच ठेवा, कारण लोबची सुरुवातीची चढण त्या हिशेबाने घासलेली असते.

पहिले २० मिनिटं आणि पुढे

लोब आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनम पेस्ट लावा. टायमिंग कव्हर उघडलं होतं, म्हणून प्लग काढून किक मारत राहा आणि रॉकरला जाणाऱ्या बाहेरच्या ऑइल पाइपचा बँजो (जोडणीचा बोल्ट) सैल करून तेल पोचतंय का बघा. तेल आल्याशिवाय स्टार्ट नाही. तेल २०डब्ल्यू५०, मोटरसायकलसाठीचं. कार्ब्युरेटर आणि इग्निशन आधीच जुळवून ठेवा, म्हणजे गाडी पहिल्या दोन किकमध्ये लागेल. नव्या लोबवर अर्धा तास किका मारणं म्हणजे पेस्ट पुसून काढणं. लागली की आयडलला सोडू नका. २००० ते २५०० मध्ये, आरपीएम वर-खाली करत, एकूण २० मिनिटं चालवा. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्याने एवढा वेळ तापतं, म्हणून समोर मोठा पंखा लावा किंवा मधे थंड करत तीन टप्प्यांत करा. १५० किलोमीटरच्या आत तेल बदला.

जेटिंग बदलणारच. ओव्हरलॅपमुळे आयडलला कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढणारा व्हॅक्यूम कमजोर पडतो, तेव्हा पायलट (आयडलचा जेट) थोडा श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोल देणारा, लागतो. मेन जेट एकेका नंबरने वाढवत प्लगचा रंग बघत जा. इथे पीयूसीचा विचार करावाच लागतो, कारण ती तपासणी आयडललाच होते. एप्रिल २००० नंतर बनलेल्या या कास्ट-आयर्न बुलेटला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ४५०० पीपीएमची मर्यादा आहे. त्याआधीच्या गाडीला ४.५ टक्के आणि ९०००. जास्त ओव्हरलॅपच्या कॅममध्ये न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून जातं, त्यामुळे एचसीचा आकडा कार्ब्युरेटर पिळून खाली येत नाही.

पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये क्लिअरन्स दोन-तीनदा तपासा आणि आकडे लिहून ठेवा. सुरुवातीला थोडं बदलून थांबलं तर ठीक. एकाच व्हॉल्व्हचं क्लिअरन्स दर वेळी वाढत जात असेल तर लोब किंवा टॅपेट झिजतोय. अॅडजस्टरने ते लपवत बसू नका. कव्हर उघडा, तेलात चंदेरी चुरा आहे का बघा, आणि असेल तर तेच तेल बिग एंडमधूनही फिरलंय हे धरून चाला.